टी-पेशीची जागृती आणि जनुकांचे नियमन



मानवी शरीरातील बहुतेक सर्व पेशींमध्ये जनुकांचा संच एकच असतो. यकृतातील पेशी आणि रक्तातील टी-पेशी यांच्यातील भेद मुख्यतः कोणती जनुके वाचली जातात आणि कोणती मिटून ठेवली जातात, यातून निर्माण होतो. यालाच जनुक-अभिव्यक्तीचे नियमन म्हणतात. प्रतिकारसंस्थेत त्याला विशेष निकड असते. येथे विलंब झाला तर रोग बळावतो आणि अतिरेक झाला तर शरीराच्याच ऊतींना इजा पोहोचते.

प्रतिजनाशी अद्याप गाठ न पडलेली टी-पेशी आकाराने लहान असते. तिच्यातील इंटरल्यूकिन-२ या जनुकाभोवतीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांवर घट्ट गुंडाळलेला असतो, त्यामुळे ते वाचले जात नाही. जंतूच्या प्रथिनाचा तुकडा दुसऱ्या पेशीने पुढे केला आणि तो टी-पेशीच्या ग्राहीत नेमका बसला, की पेशीद्रव्यातील कॅल्शियमची पातळी वाढते. त्यामुळे कॅल्सिन्यूरिन हा विकर कार्यान्वित होतो. एनफॅट या प्रथिनावरील फॉस्फेट गट तो काढून टाकतो व एनफॅट केंद्रकात शिरते. हे प्रथिन पेशीत आधीपासूनच तयार असते. म्हणूनच हा प्रवास काही मिनिटांत घडतो.

एनएफ-कप्पा-बी या दुसऱ्या घटकाची गोष्टही अशीच आहे. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये बी-पेशींचा अभ्यास करताना तो शोधला. शांत पेशीत एक रोधक प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवते. संकेत मिळताच ते रोधक प्रथिन नष्ट केले जाते. एनफॅट, एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ असे तिन्ही घटक एकत्र आले, गुंडाळी सैल झाली, की इंटरल्यूकिन-२ चे प्रतिलेखन जोमाने सुरू होते आणि पेशी विभाजनास सिद्ध होते.

ग्राहीकडून येणारा संकेत मात्र एकटा पुरेसा नसतो, आणि परीक्षार्थींकडून हाच मुद्दा बहुधा निसटतो. सीडी-२८ या रेणूमार्फत दुसरा संकेत यावा लागतो. तो न आल्यास एपी-१ ची पुरेशी साथ एनफॅटला मिळत नाही आणि निराळीच जनुके वाचली जातात. पेशी लढण्याऐवजी निष्क्रिय होते. स्वतःच्या ऊतींवरील हल्ला टळतो तो काही अंशी यामुळेच. सीडी-२८ चे आणखी एक कार्य आहे. इंटरल्यूकिन-२ चा संदेशवाहक आरएनए अल्पायुषी असतो. सीडी-२८ च्या संकेताने त्याचे आयुष्य वाढते. अर्थात नियमन प्रतिलेखनापाशी संपत नाही.

या साखळीचा उलगडा होण्याआधीच तिच्यावरील औषध वापरात आले होते. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाली आणि अवयव-प्रत्यारोपणाचे चित्र पालटले. ते कॅल्सिन्यूरिनला रोखते, हे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. एनफॅट बाहेरच राहिले, की प्रत्यारोपित मूत्रपिंड वाचते. पण क्षयाच्या जंतूंविरुद्धची टी-पेशींची फळीही त्याच वेळी दुबळी होते. क्षयरोगाचा भार मोठा असलेल्या भारतात प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरांना हा तोल रोजच सांभाळावा लागतो.

निसर्गाने स्वतःचा लगामही ठेवला आहे. नियामक टी-पेशींत फॉक्सपी-३ हे प्रथिन त्याच एनफॅटशी हातमिळवणी करून इंटरल्यूकिन-२ चे जनुक बंद ठेवते. या पेशींच्या आणि फॉक्सपी-३ च्या शोधाबद्दल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच ज्ञान आता उपचारांत उतरले आहे. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशीत कृत्रिम ग्राहीचे जनुक घातले जाते. पहिल्या पिढीच्या ग्राहीत दुसऱ्या संकेताची सोय नव्हती, त्यामुळे पेशी टिकत नसत. पुढे सीडी-२८ किंवा फोर-वन-बीबी या रेणूचा भाग जोडण्यात आला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उगम पावलेल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तरीही दीर्घकाळ लढणाऱ्या टी-पेशी थकतात. त्या थकव्यामागे टॉक्स या प्रथिनाने चालू ठेवलेला जनुकांचा एक वेगळाच कार्यक्रम असल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. ट्यूमरमध्ये या पेशींना कार्यक्षम कसे ठेवावे, यावर संशोधन सुरू आहे.