जुनी ॲल्युमिनियमची नाव दुरुस्त करताना

कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेवर ढिवर बांधवांचे डोंगे दिसतात. लाकडी डोंग्याला डांबर लागतं, ॲल्युमिनियमच्या नावेची निगा मात्र वेगळी.

जुनी नाव घेतलीत तर आधी ती ओंडक्यांवर ठेवा आणि आत थोडं पाणी भरा. बाहेरून थेंब जिथं धरेल, तिथं खडूनं खूण करा. बहुतेक वेळा पत्रा शाबूत असतो, रिबीट सैल झालेलं असतं. एकानं आतून जड लोखंड टेकवायचं, दुसऱ्यानं बाहेरून ठोकायचं. रिबीट पुन्हा घट्ट बसतं.

वेल्डिंगची घाई नको. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांपुढे. म्हणून आधी स्टेनलेस स्टीलच्या ब्रशनं जागा चकचकीत घासा.

जाळ्यासाठी कप्पा, नवी फळी हौसेनं बसवा. फक्त तांब्या-पितळेचे स्क्रू नकोत, ओलाव्यात ते ॲल्युमिनियम खातात. बैठकीखालचा फोम पाण्यानं जड झाला असेल तर बदला, पण जागा रिकामी सोडू नका. नाव पाण्यानं भरली, तर तोच फोम तिला तरंगत ठेवतो.