जड की हलकं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पायाला इजा झालेल्या सैनिकांना हलके, पुन्हापुन्हा करायचे व्यायाम देत. महिने उलटत, पण मांडी भरत नसे. शिकागोच्या लष्करी रुग्णालयातल्या थॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टरनं ही रीतच बदलली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन तो रुग्णाला देई आणि ताकद वाढेल तसं ते वाढवत नेई. १९४५ साली त्यानं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या जिममधला ‘दहाचा सेट’ तिथूनच रुळला.

मग हलकं वजन वाया जातं का? मुळीच नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ४९ सरावलेल्या तरुणांवर १२ आठवडे प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये छापून आला. एका गटानं जड वजन ८ ते १२ वेळा उचललं, दुसऱ्यानं हलकं २० ते २५ वेळा. पुढची रेप, म्हणजे एक उचल, निघेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही, ही अट दोघांना सारखीच. स्नायूही दोघांचे सारखेच भरले. हलक्या वजनाला शरीर आधी लहान तंतू लावतं; ते दमले की मोठ्या तंतूंची पाळी येते. जड वजनाला मोठे तंतू सुरुवातीपासूनच लागतात. तालमीत बारबेल नसतानाही बैठकांवर मांड्या घडत, त्या याच कारणानं. दम लागायच्या आत सेट सोडणाऱ्याला मात्र हा लाभ नाही.

तरीही त्याच प्रयोगात बेंच प्रेसची ताकद जड गटाचीच जास्त वाढली. आणि हाडांचा विचार केला, तर पारडं आणखी झुकतं.

म्हणून मला आज विशेषतः समोर बसलेल्या भगिनींशी बोलायचं आहे. पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ होऊ लागली की तुमच्या हाती एक किलोचं डंबेल देतात आणि ‘जपून’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता कमी झालेल्या १०१ स्त्रियांवर अभ्यास झाला. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, डेडलिफ्ट आणि स्क्वॉटसारखे व्यायाम केले. वजन असं की पाच वेळांतच दमछाक व्हावी. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाललं होतं आणि पहिला महिना फक्त ढब शिकण्यात गेला, हे विसरू नका.

गुडघा दुखत असेल, तर हलकं वजन घेऊन जास्त रेप्स काढा. रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि उचलताना श्वास कोंडू नका. बाकीच्यांनी सेट संपल्यावर अजून किती निघाल्या असत्या ते पाहावं. दहा निघाल्या असत्या, तर पुढच्या सेटला वजन वाढवा.