फोनच्या पोटातील विद्या आणि आपली मुले

(पंढरपूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व या व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते, आणि ते सांगणे योग्यच आहे. आज मात्र मी एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. ती येथे बसलेल्या बहुतेकांच्या खिशात अगर पिशवीत आहे. ती वस्तू म्हणजे मोबाईल फोन. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. यंत्रशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही हा विषय मी निवडला, कारण तो जितका यंत्राचा आहे तितकाच घरखर्चाचा, हक्काचा आणि वाचनाचाही आहे.

२०२० साली टाळेबंदी झाली आणि शाळा फोनमध्ये आली. घरात फोन एक आणि शिकणारी मुले तीन, अशी स्थिती आपल्या कितीतरी घरांत होती. बापाने हप्त्याने फोन घेतला, आईने भिशीचे पैसे त्यात घातले. दोन-तीन वर्षे गेली. फोनची काच शाबूत, बॅटरी बरी, आवाज स्वच्छ. पण कंपनीकडून नवी सुधारणा येईनाशी झाली. मग एक ॲप चालेना, नंतर बँकेचे चालेना. दुकानदार म्हणाला, "हा जुना झाला, नवा घ्या." पालकहो, येथे मी आपणांस एक प्रश्न विचारतो. यंत्र धडधाकट असताना ते निकामी ठरते, ते कशामुळे?

याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या शेतातील पाण्याची मोटार डोळ्यांसमोर आणा. मोटार जळली की आपण ती रिवाइंडिंगच्या दुकानात नेतो. कारागीर जळालेली कॉइल सोडवितो, वेढे मोजतो, तारेचा गेज पाहतो, वहीत टिपून ठेवतो आणि त्याच मापाने नवी तार भरतो. मोटार पुन्हा दहा वर्षे पाणी उपसते. आता समजा, कंपनीने मोटार अशी बंद करून टाकली की आतील वेढे व तारेचा गेज कोणालाच कळू नये. मग कारागीर कितीही हुशार असला तरी हात बांधून बसेल आणि शेतकऱ्याला नवी मोटार घ्यावी लागेल. फोनच्या बाबतीत नेमके हेच घडते. फोनमधील ही वेढ्यांची आणि तारेची टिपणवही म्हणजे 'कर्नल'चा 'सोर्स कोड'.

हे दोन शब्द थोडे उलगडून सांगतो. फोनमध्ये पडदा, कॅमेरा, बॅटरी, स्पीकर असे अनेक भाग असतात. वरच्या बाजूस आपण वापरतो ती ॲप असतात. या दोहोंच्या मध्ये राहून, कोणत्या भागाने केव्हा काय काम करावयाचे याचा हुकूम देणारा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. हा गाभा माणसे लिहितात. माणसाला वाचता येईल अशा संगणकीय भाषेत लिहितात. त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणावे. पुढे त्याचे यंत्राला कळेल अशा शून्य-एकच्या रूपात भाषांतर होते आणि ते भाषांतर तेवढे फोनमध्ये भरले जाते. भाषांतरावरून मूळ लिखाण परत मिळविणे अतिशय अवघड असते. म्हणून ज्याच्याजवळ मूळ लिखाण आहे, दुरुस्तीची सत्ता त्याच्या हाती राहते.

आता या गोष्टीची कूळकथा ऐका. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने आपल्या संगणकासाठी असा एक गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. तोच लिनक्स. पुढच्या वर्षी, १९९२ साली, त्याने त्याला 'जनरल पब्लिक लायसन्स', म्हणजे सार्वजनिक परवाना, लागू केला. हा परवाना अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केलेला होता. त्याची अट साधी आहे. हे लिखाण कोणीही फुकट घ्यावे, बदलावे, विकावेदेखील. मात्र ते ज्याला द्याल त्याला, आपण केलेल्या बदलांसह, मूळ लिखाणही मिळाले पाहिजे. विहीर सर्वांची आहे, पाणी खुशाल न्या, पण नेणाऱ्याने विहिरीला कुलूप लावू नये, असा हा न्याय आहे.

२००८ साली अँड्रॉईडचा पहिला फोन बाजारात आला, त्याचा गाभा हाच लिनक्स होता. आजही अँड्रॉईडचा फोन कोणत्याही कंपनीचा असो, त्याच्या पोटात लिनक्स आहे. म्हणून फोन विकणाऱ्या कंपनीने त्या फोनच्या कर्नलचा सोर्स कोड देणे हे तिच्यावरील बंधन आहे. परवान्यात असेही म्हटले आहे की सोर्स कोड मालासोबत दिला नाही, तर तो मागणाऱ्यास देऊ असे किमान तीन वर्षे चालणारे लेखी वचन द्यावे, आणि प्रत पाठविण्याच्या खर्चाहून अधिक पैसे घेऊ नयेत. अनेक कंपन्या हे पाळतात. काही उशिरा देतात, काही अर्धवट देतात, तर काही मौन पाळतात.

हे बंधन नुसते कागदावरचे आहे काय? तसे नव्हे. २००४ साली जर्मनीत म्युनिक येथील न्यायालयाने, राउटर विकून सोर्स कोड न देणाऱ्या एका कंपनीस, अट पाळल्याखेरीज ती वस्तू विकण्यास मनाई केली. त्याच्या आधीच्या वर्षी, २००३ मध्ये, लिंक्सिस कंपनीला आपल्या एका राउटरचा सोर्स कोड खुला करावा लागला होता. त्यातून 'ओपन डब्ल्यूआरटी' नावाची व्यवस्था जन्मास आली आणि आज ती शेकडो प्रकारच्या राउटरवर चालते. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही 'साहित्यकृती' मानली जाते. भाषेचा शिक्षक म्हणून मला या शब्दाचा विशेष आनंद वाटतो. साहित्यकृती म्हटली म्हणजे ती वाचणारा आला, समजून घेणारा आला आणि तिच्यातील चूक दाखविणाराही आला.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त टॅब्लेट करावयाचे ठरवून केंद्र सरकारने 'आकाश' ही योजना हाती घेतली. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.ने तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम पाहिले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' चे उद्घाटन झाले. सात इंची पडदा, ५१२ एम.बी. स्मृती, सरकारला एक नग २,२६३ रुपयांस पडत होता. त्यात अँड्रॉईड होते. पण आय.आय.टी.तील मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. त्यांनी त्या टॅब्लेटवर सी, सी++, पायथॉन आणि सायलॅब या भाषांतून विद्यार्थ्याला स्वतः प्रोग्रॅम लिहिता येईल अशी सोय केली. शिवाय त्या टॅब्लेटवर संपूर्ण लिनक्स चालविण्याची व्यवस्था करून ती सर्वांसाठी खुली ठेवली. पाहण्याच्या खेळण्याचे असे लिहिण्याच्या पाटीत रूपांतर झाले. त्या चिपसाठीचा कर्नल हाताशी होता म्हणूनच हे करता आले.

आकाश योजना पुढे मागे पडली, हे खरे आहे. पुरवठ्याच्या आणि दर्जाच्या तक्रारी झाल्या. तो टॅब्लेट आज बाजारात नाही. पण त्या कामातील धडा जुना झालेला नाही. त्या टॅब्लेटची चिप ऑलविनर नावाच्या चिनी कंपनीची होती. याच कंपनीच्या काही अन्य चिपसाठी दिलेल्या कर्नलमध्ये २०१६ साली एक चोरवाट आढळली. एक विशिष्ट शब्द लिहिताच कोणत्याही ॲपला साऱ्या यंत्राची मालकी मिळत असे. ती आढळली कशी? सोर्स कोड लोकांच्या डोळ्यांसमोर होता आणि कोणीतरी तो वाचला म्हणून! झाकलेल्या घरात चोरवाट असेल तर ती फक्त चोराला माहीत असते. उघड्या अंगणात ती शेजाऱ्यालाही दिसते.

सोर्स कोड मिळाला म्हणजे फोनचे आयुष्य कसे वाढते, तेही पाहू. २००९ साली स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेल्या 'सायनोजेनमॉड' या व्यवस्थेने कंपन्यांनी सोडून दिलेल्या असंख्य फोनांना नवे अँड्रॉईड दिले. २०१६ च्या अखेरीस ती बंद पडली, तेव्हा स्वयंसेवकांनी 'लिनिएज ओएस' या नावाने तेच काम पुढे चालू ठेवले. हॉलंडमधील फेअरफोन कंपनीने २०१५ साली विकलेल्या आपल्या फोनला २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, सुधारणा पुरविल्या. आणि चिप बनविणाऱ्या कंपनीने पाठ फिरविल्यावरही पुरविल्या. त्यात स्वयंसेवकांच्या कामाची मोठी मदत झाली. त्यानंतर २०२३ साली गूगलने आणि २०२४ साली सॅमसंगने आपल्या काही महाग फोनांना सात वर्षे सुधारणा देण्याचे जाहीर केले. महाग फोनाला हे मिळते. आपल्या मुलांच्या हाती येतो तो स्वस्त फोन. म्हणून सोर्स कोडची गरज श्रीमंतापेक्षा आपल्यासारख्यांनाच अधिक आहे.

या गोष्टीची दुसरी बाजू सांगणेही माझे कर्तव्य आहे. केवळ कर्नल मिळाला म्हणजे सर्व काही मिळाले असे होत नाही. कॅमेरा व नेटवर्क यांचे काही भाग कंपन्या बंदच ठेवतात. काही कंपन्या फोनचे कुलूपच उघडू देत नाहीत. फोनमध्ये बाहेरची व्यवस्था भरली तर हमी जाऊ शकते, बँकेची ॲप चालण्यास नकार देऊ शकतात, आणि काम अर्धवट राहिले तर फोन वीट होऊन बसतो. तेव्हा मुलांनो, घरातील एकुलत्या एका फोनवर, ज्यावर आईचे बँक खाते आहे, असले प्रयोग करू नका. कपाटात पडलेला जुना फोन घ्या. आणखी एक लक्षात ठेवा. फोनचा आय.एम.ई.आय. क्रमांक बदलणे हा गुन्हा आहे. त्या वाटेला कोणीही जाऊ नये.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या समाजातील पुष्कळ मुले दहावी-बारावीनंतर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतात. आषाढीच्या दिवसांत तर या दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसात भिजलेले, चिखलात पडलेले फोन घेऊन वारकरी येतात आणि आपली मुले ते रात्रीतून चालू करून देतात. बोटांत विलक्षण कसब आहे. फोन अडकला की मुलगा म्हणतो, "सॉफ्टवेअर मारून देतो." तो केबल लावतो, बटण दाबतो, तयार फाईल भरतो. पण ती फाईल कोणी लिहिली, तिच्यात काय आहे, ती का चालत नाही, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. बटण दाबणे आणि लिखाण वाचणे यांत जे अंतर आहे, तेच अंतर दुकानातील मजुरी आणि अभियंत्याचा पगार यांत आहे. हे अंतर तोडण्याची वाट सोर्स कोडमधून जाते. त्याला देणगी लागत नाही, वशिला लागत नाही, मोठ्या शहरात खोली घ्यावी लागत नाही. जो सोर्स कोड मोठ्या कंपनीतील अभियंता वाचतो, तोच अक्षर न अक्षर पंढरपुरातील मुलीला वाचता येतो.

मुलीला, असे मी मुद्दाम म्हणालो. दुकानात बसावयास मुलीला पाठविण्यास आपण कचरतो, हे मला ठाऊक आहे. पण हे काम घरी बसून, आईच्या नजरेसमोर, एका जुन्या संगणकावर करता येते. मुलीच्या हातून फोन काढून घेण्यापूर्वी, तिला फोनच्या आतील विद्या देता येईल काय, याचा पालकांनी विचार करावा.

मग करावयाचे काय? पालकांनी फोन घेताना रंग आणि कॅमेरा पाहण्याआधी दुकानदाराला विचारावे, "सुधारणा किती वर्षे मिळणार?" उत्तर येईना तर दुसऱ्या दुकानात जावे. गिऱ्हाईक विचारू लागले की कंपनीला उत्तर द्यावेच लागते. विद्यार्थ्यांनी लिनक्स आणि सी भाषा शिकावी. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमात असे पाठ मोफत आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतून ऐकावयास मिळतात. नववी-दहावीच्या मुलांना आम्ही औपचारिक पत्रलेखन शिकवितो; पाणीपुरवठ्याविषयी तक्रार, पुस्तकांची मागणी, असे ठरीव विषय देतो. यंदा मी वर्गाला नवा विषय देणार आहे : 'अमुक फोनच्या कर्नलचा सोर्स कोड मिळण्याबाबत कंपनीस विनंतीपत्र लिहा.' पत्राखाली जे सही करतील, त्यांना आपण ग्राहक असूनही काही हक्काने मागू शकतो, हे त्या दिवशी कळेल.

संस्थेकडे माझी एक नम्र मागणी आहे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक टेबल, दोन जुने संगणक आणि घरोघरी पडून असलेले जुने फोन ठेवण्यास एक कपाट द्यावे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मुले-मुली तेथे बसतील. दुरुस्तीच्या दुकानांत काम करणारे आमचे माजी विद्यार्थी फोन उघडण्याचे कसब शिकवितील, आणि शिक्षक त्यांच्यासह सोर्स कोड वाचावयास शिकतील. खर्च फार नाही. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांतून कित्येक वर्षांपासून लिनक्सवर संगणक शिकविला आहे. सोलापूर जिल्ह्यातील एका संस्थेला एक टेबल अवघड जाऊ नये.

मित्रहो, आपण ज्या गावात राहतो, तेथे लोकांच्या भाषेत बोललेल्या विद्येचा मान सातशे वर्षे चालत आला आहे. ज्ञान मूठभरांच्या पेटीत न राहता सर्वांच्या मुखी यावे, हा या मातीचा संस्कार आहे आणि तो आपणा सर्वांचा आहे. आपल्या मुलांच्या खिशात आज जगातील हजारो अभियंत्यांचे लिखाण पडून आहे. ते वाचण्याची परवानगी त्यांना आहेच. वाचावयास बसण्याची जागा मात्र आपण द्यावयाची आहे.