उद्याच्या जगात बाई कुठे असेल?

(कुरुंदा, जि. हिंगोली येथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय कळल्यावर काही जणींनी विचारलं, "पाणी, रेशन, पोटगी सोडून सिनेमावर काय बोलायचं? तेही यंत्रमानवांच्या?" प्रश्न रास्त आहे. पण आपली पोरं-पोरी मोबाइलवर हेच विज्ञानपट बघतात. उद्याचं जग कसं असेल याचं चित्र तिथूनच त्यांच्या मनात उतरतं. त्या चित्रात बाईला कुठे बसवलंय, हे आपण बघायला नको का? शिवाय हे नरहर कुरुंदकरांचं गाव. 1932 साली ते इथे जन्मले, आणि मनुस्मृतीचीही चिकित्सा करायला कचरले नाहीत. मग आपण सिनेमाची चिकित्सा करायला का बिचकायचं?

कोणता विज्ञानपट चांगला आणि कोणता टाकाऊ, यावर पोरं तावातावाने भांडतात. त्यांचं माप एकच: यान खरं वाटतं का, मारामारी झकास आहे का. मी दुसरं माप सुचवते. नवं यंत्र आल्यावर बाईचं जगणं बदललं का? आणि ते यंत्र कोणाच्या हुकमात आहे? आपल्या हळदीचंच बघा. शिजवायला आणि पॉलिशला यंत्रं आली. पण शेतात वाकून हळद वेचणारी बाईच राहिली, आणि बाजारातली पट्टी निघते ती बहुधा नवऱ्याच्या नावावर.

सिनेमाची गोष्टही वेगळी नाही. विज्ञानकथेची सुरुवात अनेक जण ज्या पुस्तकापासून धरतात, ते 'फ्रँकेन्स्टाइन' मेरी शेली या तरुणीने लिहिलं. ते 1818 साली छापलं गेलं. 1931 साली त्यावर सिनेमा निघाला, तेव्हा पडद्यावर तिचं नाव आलं ते 'मिसेस पर्सी बी. शेली' असं. लेखणी तिची, नाव नवऱ्याचं!

आता टाकाऊ काय ते बघू. रजनीकांतचा 'एंथिरन', हिंदीतला 'रोबोट', 2010 साली आला. करामती डोळे दिपवणाऱ्या आहेत. पण त्यातला एक प्रसंग आठवा. इमारतीला आग लागते. आंघोळ करत असलेल्या मुलीला यंत्रमानव तशीच उघडी उचलून लोकांसमोर, कॅमेऱ्यांसमोर आणतो. ती लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली मरते. पुढे कथा वळते ती यंत्राला भावना कशा शिकवायच्या याकडे. जीव वाचलेल्या मुलीला मरणच बरं वाटावं, ही लाज तिला कोणी शिकवली? बघ्यांचं काय? कॅमेरावाल्यांचं काय? हे सिनेमा विचारत नाही. यंत्र नवं, इज्जतीची कल्पना मात्र आजोबांची.

दुसरा प्रकार म्हणजे पुरुषाने घडवलेली बाई. 1927 सालच्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटात शास्त्रज्ञ बाईच्या रूपाचं यंत्र बनवतो. 1975 सालच्या 'द स्टेपफर्ड वाइव्ह्ज'मध्ये नवरे आपल्या बोलत्या-विचार करत्या बायकांच्या जागी आज्ञाधारक यंत्रबायका आणतात. तो सिनेमा याला भयकथा म्हणतो, हे त्याचं मोठेपण. आपल्याकडे 2024 साली 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' आला. त्यातही नायक यंत्रबाईच्या प्रेमात पडतो आणि तिला सून म्हणून घरी आणतो. इथे मात्र ती विनोदी प्रेमकथा होते! थकत नाही, उलट बोलत नाही, माहेरी जायचं म्हणत नाही, अशी सून कोणाला नको? हसू येतं खरं. पण आपल्याकडूनही हीच अपेक्षा असते ना?

मग चांगलं काय? 1979 सालच्या 'एलियन'मधली रिप्ली मला आवडते. बाधा झालेल्या सहकाऱ्याला यानात घेऊ नका, नियम पाळा, असं ती बजावते. तिचं कोणी ऐकत नाही आणि सगळे संकटात सापडतात. बैठकीत बाईचं म्हणणं बाजूला सारलं की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. शेवटी तिलाही तोकड्या कपड्यांत दाखवायचा मोह दिग्दर्शकाला आवरला नाही, हेही नोंदवू. आरती कडव या दिग्दर्शिकेचा 'कार्गो' 2020 साली नेटफ्लिक्सवर आला. त्यात अंतराळयानावर नव्याने रुजू होणारी तरुणी येते ती कामाला, आणि काम हीच तिची ओळख. याच दिग्दर्शिकेने पुढे 'मिसेस' केला. तो स्वयंपाकघरात पिचणाऱ्या सुनेचा सिनेमा 2025 साली आला. यान काय नि चूल काय, बघणारी नजर तीच.

पण माझं पहिलं मत 2003 सालच्या मनीष झा यांच्या 'मातृभूमी'ला. मुली मारून मारून बायका उरल्याच नाहीत अशा गावात एका मुलीचं लग्न पाच भावांशी लावतात. काही मैत्रिणी म्हणतील, यात विज्ञान कुठे आहे? आणि इतकी हिंसा बघवत नाही, नायिकेला फारसं बोलूही दिलेलं नाही. दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही 'हे असंच चालू राहिलं तर?' हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्न तो धीटपणे विचारतो.

आणि यंत्र तर आपल्या दाराशीच आहे. सोनोग्राफी आली ती पोटातलं बाळ नीट आहे का हे बघायला. वापर झाला मुलगी शोधायला. चळवळीच्या रेट्यामुळे महाराष्ट्रात 1988 साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा झाला, देशात 1994 साली. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 913 मुली होत्या, त्या 2011 साली 894 झाल्या. यंत्र आपोआप बाईच्या बाजूने उभं राहत नाही. त्याला तिथे आणावं लागतं.

म्हणून सुचवते, पुढच्या वेळी पोरं असा सिनेमा लावतील तेव्हा "बंद करा" म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, या जगात यंत्र कोणाच्या हातात आहे? भांडी कोण घासतंय? निर्णय कोण घेतंय?

आता तुमची पाळी. माझी निवड पटली नसेल तर खुशाल भांडा.