नजरेला नजर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला विषय दिला आहे, ‘परदेशातील माझे अध्यापन’. परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विलायत नाहीतर अमेरिका येते. माझा परदेश मात्र आफ्रिकेतला, इथिओपिया. तेथे ताना नावाचे मोठे सरोवर आहे. त्यातून निळी नाईल निघते आणि त्याच काठावर बहिर दार हे गाव आहे. तेथील कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी संभाषण शिकविण्यासाठी मी २००७ साली दोन वर्षांच्या कराराने गेले. भारतीय शिक्षक त्या देशाला नवे नाहीत. सम्राट हैले सेलासी यांच्या काळी आपल्याकडचे, विशेषतः केरळातले, पुष्कळ शिक्षक तेथील शाळांतून होते.

गेले २००७ मध्ये, आणि थोड्याच दिवसांत, १२ सप्टेंबरला, गावाने वाजतगाजत २००० सालाचे स्वागत केले! त्यांचे पंचांग आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षे मागे चालते. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. वय कमी झाल्याचा आनंद मला झाला खरा, पण घड्याळाने तो टिकू दिला नाही. “तुमचा पहिला तास दोन वाजता,” असा निरोप आला. मी जेवूनखाऊन, नीट पदर घेऊन, दुपारी दोनला वर्गावर गेले, तर वर्गात चिटपाखरू नाही. तेथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आठ म्हणजे दोन. मुले सकाळीच येऊन, वाट पाहून गेली होती. संभाषण शिकवायला आलेल्या बाईंची ही सुरुवात!

त्या मुलांची अडचण आपल्या मुलांपेक्षा निराळी होती. इथिओपियावर इंग्रजांचे राज्य कधी नव्हते. १८९६ साली आडवाच्या लढाईत त्यांनी इटलीचा पराभव केला आणि पुढे १९३६ ते १९४१ ही इटालियन अंमलाची पाच वर्षे सोडली तर ते स्वतंत्रच राहिले. त्यामुळे कचेरी, बाजार, देऊळ सगळे आपापल्या भाषेत, बहिर दारला अम्हारिकमध्ये. इंग्रजी भेटते ते शाळेत, आणि माध्यमिक शाळेपासून एकदम सगळे विषय इंग्रजीतून. मुले वाचत बरे, लिहीत बरे. बोलायचे म्हटले की ओठ मिटत. मीही हट्टाने त्यांची लिपी शिकू लागले. तिच्यात आपल्या बाराखडीसारखी प्रत्येक व्यंजनाची सात रूपे असतात. माझे उच्चार ऐकून वर्ग मनमुराद हसे, आणि हसता हसता थोडा बोलूही लागे.

आता जे सांगणार आहे ते सांगायला आजही जड जाते.

जाऊन पाच आठवडे झाले होते. तोंडी परीक्षा घ्यायची होती. मी इकडूनच एक छापील गुणपत्रक नेले होते. आवाज, उच्चार, नजर, तत्परता, मुद्देसूदपणा अशी पाच सदरे, प्रत्येकी ४ गुण. एक सडपातळ मुलगी आली, पांढरी शाल डोक्यावरून घेतलेली. “प्रश्न समजला का?” असे मी विचारले. तिने खाली पाहून एकदम श्वास आत ओढला, दचकल्यासारखा. मी थांबले. पुन्हा विचारले. पुन्हा तोच श्वास. पुढच्या दोन प्रश्नांनाही तसेच झाले. नंतर चार वाक्ये ती हळू आवाजात बोलली, पण डोळे जमिनीवरच. मी नजरेला शून्य दिले, तत्परतेला शून्य दिले आणि बेरीज केली, २० पैकी ५. हा विषय गेला तर तिचे वर्ष अडणार होते.

ती तक्रार करायला आली नाही. आल्या त्या माझ्याच खोलीत बसणाऱ्या तेथील एक शिक्षिका. यादी पाहून त्यांनी विचारले, “हिला एवढे कमी कसे?” मी सगळे सांगितले, श्वासाची नक्कलही करून दाखविली. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “अहो, तो आमचा होकार आहे. ती तुम्हांला दर वेळी ‘हो’ म्हणत होती.”

बाजारातली माझी कांदेवालीसुद्धा असाच श्वास घेई, आणि तिला दमा आहे अशी माझी समजूत होती!

नजरेचे तर मला कोणी सांगायलाच नको होते. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर देऊन बोलू नये, हे मला माझ्या आईने शिकविले होते. सासरी पहिली दोन वर्षे मी सासूबाईंच्या पायांकडे पाहूनच बोलत असे. तीच मर्यादा त्या पोरीने माझ्यापुढे पाळली आणि मी तिला शून्य दिले. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांकडे जाऊन चूक सांगितली आणि सगळ्या वर्गाची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी दोघादोघांना समोरासमोर बसवून एकमेकांशी बोलायला लावले आणि मी बाजूला खिडकीशी बसले. त्या मुलीला १४ गुण मिळाले. नजरेचे सदर मी अजिबात काढून टाकले नाही, कारण उद्या नोकरीच्या मुलाखतीत त्यांना मान वर करावीच लागणार. पण घरी आजोबांपुढे ती पुन्हा खाली घातली तर कौशल्य कमी पडले, असे समजायचे कारण नाही, हेही वर्गात बोलले.

सहामाही संपताना त्या मुलीच्या थोरल्या बहिणीने मला घरी कॉफीला बोलाविले. जमिनीवर हिरवे गवत पसरलेले, धूप जळत असलेला. कच्च्या बिया आपल्यासमोर धुऊन भाजतात आणि वास घ्यायला तवा सर्वांपुढे फिरवितात. मग मातीच्या सुरईत उकळून तीन वेळा कॉफी देतात. पहिल्या पेल्यावर उठून जाणे बरे दिसत नाही. तो शुक्रवार होता, म्हणजे त्यांच्या उपासाचा वार. मांस, दूध, अंडी काही नाही. ताटात आंबोळीसारखी मोठी इंजेरा, तिच्यावर ‘शिरो’. मैत्रिणींनो, शिरो म्हणजे तिखट पिठलेच! बहिणीने स्वतःच्या हाताने घास करून माझ्या तोंडात भरविला. याला ते ‘गुर्शा’ म्हणतात. लग्नानंतर असा घास मला कोणी भरविला नव्हता.

बोलता बोलता कळले की तेथे आडनाव नसतेच. आपले नाव आणि पुढे वडिलांचे. लग्न झाले तरी बाईचे नाव बदलत नाही. माझे तर पहिले नावसुद्धा लग्नात तांदळावर लिहून बदलले, हे सांगताच दोघी बहिणी माझ्याकडे पाहतच राहिल्या. या वेळी अगदी नजरेला नजर देऊन.

निघताना धाकटीने विचारले, “पुन्हा याल ना?” मी उत्तरादाखल श्वास आत ओढला, आणि दोघी टाळ्या वाजवून हसल्या. ती खोड अजून गेलेली नाही. घरात काही विचारले की मी तसाच होकार देते, आणि हे आतून विचारतात, “काय गं, ठसका लागला का?”