गोव्याच्या चर्चवर देशी हाताचा ठसा

गोव्यातील सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चर्चचे आराखडे युरोपच्या वळणाचे. दगड, चुना आणि कारागीर मात्र इथले. इथला जांभा मुबलक, पण सच्छिद्र. कोकणपट्टीचा पाऊस तो पितो आणि झिजतो. म्हणून भिंतींवर चुन्याचा जाड गिलावा चढवीत आणि सफेदी पुन्हा पुन्हा करीत. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिका (१५९४ ते १६०५) आज लालसर दिसते, ते तिचे मूळ रूप नव्हे. तिचा गिलावा विसाव्या शतकात उतरवला गेला. जांभ्यात बारीक नक्षी उठत नाही. म्हणून तिच्या दर्शनी भागाच्या कोरीवकामासाठी काळा दगड थेट वसईहून आणला, असे सांगतात.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याची तावदाने असत. चपट्या कालवाचे पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत ओवीत. ऊन बाहेर अडते आणि आत दुधाळ उजेड झिरपतो.

खरी गंमत लाकडी कोरीवकामात आहे. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू कारागिरांकडून पवित्र मूर्ती करून घेऊ नयेत, असा निर्बंध घातला. पण कसबी हात दुसरे आणायचे कुठून? काम चालूच राहिले. पाद्री जिथून प्रवचन देतात त्या उंच पीठाच्या बुडाशी, भार पेलणाऱ्या नागकन्या काही चर्चमध्ये आजही दिसतात. वर मानवी देह, खाली वळसे घेतलेली शेपटी. चर्चपुढच्या उंच चौथऱ्यावरील क्रूस पाहताना तुळशीवृंदावन आठवते.

बाली बेटावर हेच उलट्या वाटेने घडले. तेथे ब्लिंबिंगसारीच्या चर्चने मंदिरासारखे दुभंगलेले प्रवेशद्वार आणि भिंतींविना मंडप जाणूनबुजून स्वीकारला. गोव्यात असे कोणी ठरवले नव्हते. बंदी असूनही ते कारागिराच्या हातून उतरत गेले.

आणि देवाणघेवाण एकतर्फी राहिली नाही. छत्रपती शाहूंच्या काळात, १७३८ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कवळ्याच्या शांतादुर्गा देवळावर घुमट आहे, खिडक्यांना कमानी आहेत. गोव्यातील कित्येक देवळांपुढचे मजल्या-मजल्यांचे दीपस्तंभही चर्चच्या मनोऱ्यांच्या घडणीशी नाते सांगतात.