चार माणसांपुढे बोलताना

सभा आटोपून लोक घरी निघाले की त्यांच्या मागून चालत त्यांचे बोलणे जरा कान देऊन ऐकावे. ‘काय छान बोलला हो!’ असे एकजण म्हणतो. ‘काय बोलला?’ असे न आलेल्या कोणी वाटेत विचारले, की तो थोडा घुटमळतो आणि म्हणतो, ‘ते काही आता सांगता येत नाही बुवा. पण बोलला छान!’ वक्त्याच्या कानी यांतले पहिले वाक्य तेवढे जाते आणि तो संतुष्ट होतो. आपण आज त्या दुसऱ्या वाक्याचा विचार करू.

कारण चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा प्रसंग आता फारसा कोणाला चुकत नाही. ग्रामसभेत सरपंचांना बोलावे लागते, बचतगटाच्या बैठकीत अध्यक्षबाईंना, पालकसभेत गुरुजींना, सोसायटीच्या वार्षिक सभेत चिटणिसांना, शेताच्या बांधावर कृषी सहायकाला. यांतले कोणी हौसेचे वक्ते नव्हेत. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही असते, आणि ते ऐकणाऱ्याच्या गरजेचे असते. आता हिशेब करा. शंभर माणसे तासभर बसली. बोलणाऱ्याचा एक तास गेला, पण गावाचे शंभर तास गेले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेबारा दिवसांची मजुरी झाली. एवढी रक्कम लोकांच्या खिशातून काढून घ्यायची आणि त्यांच्या पदरात काय टाकायचे, हा विचार बोलायला उठण्यापूर्वी ज्याने केला, त्याची निम्मी तयारी झाली असे मी समजतो.

वक्तृत्वावरची पुस्तके बहुधा आवाजापासून आणि हातवाऱ्यांपासून सुरुवात करतात. त्या गोष्टी खोट्या नाहीत. आवाज शेवटच्या रांगेत पोचावा, वाक्याचे शेवटचे शब्द गिळू नयेत, ध्वनिक्षेपक तोंडाला चिकटवून धरू नये. बस, एवढे पुरे. पण आवाज नुसता पोचून काय उपयोग? ऐकणाऱ्याचे मन बोलणाऱ्याबरोबर चालते आहे की वाटेत कुठे मागे राहिले आहे, हा खरा प्रश्न.

आणि त्याचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि शहरांतून व्याख्यान ऐकण्याची सवय रुजत गेली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावोगावच्या देवळांत रात्ररात्र माणसे ऐकत बसत होती. ऐकवणारा होता कीर्तनकार. नारदीय कीर्तनाची बांधणी एकदा वक्त्याच्या नजरेने पाहा. नमन झाले की बुवा एक अभंग घेतात. एकच. पूर्वरंगात त्याचे निरूपण होते. मग मध्यंतर. बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, सारी सभा भजनात टाळ्या धरते, पेंगणारे जागे होतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. पूर्वरंगात जे नुसते तत्त्व म्हणून सांगितले, तेच आता एखाद्या भक्ताच्या नाहीतर राजाच्या गोष्टीत हाडामांसाचे होऊन समोर येते; आणि शेवटी बुवा त्या पहिल्या अभंगावर येऊन थांबतात.

यांतली कोणतीही गोष्ट उगीच केलेली नाही. अभंग एकच, कारण एका बैठकीत माणसाच्या मनात एकच गोष्ट नीट बसते. मध्ये भजन, कारण नुसते ऐकत राहणे हे कष्टाचे काम आहे आणि श्रोत्याला मधूनमधून तोंड उघडायला मिळाले पाहिजे. गोष्ट मागाहून, कारण आधी गोष्ट सांगितली तर लोक गोष्टच घेऊन घरी जातात. आपले आजचे पुष्कळसे वक्ते हे क्रम नेमके उलटे करतात. आधी विनोदी किस्सा, मग सात-आठ मुद्दे, त्यांतला प्रत्येक महत्त्वाचा, आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

संत गाडगेबाबांनी तर ही चौकटही बाजूला ठेवली. बाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा; २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. म्हणजे बोलण्याचा विषय दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर असायचा! आणि कीर्तन म्हणजे काय, तर प्रश्नोत्तरे. साध्या वऱ्हाडी बोलीत बाबा प्रश्न टाकायचे, समोरचा समुदाय एका आवाजात उत्तर द्यायचा, त्या उत्तरावर बाबा पुढचा प्रश्न रचायचे. नवसाचा बोकड असो, लग्नासाठी काढलेले कर्ज असो, अस्पृश्यता असो, ‘हे वाईट आहे’ हा निर्णय बाबांच्या आधी लोकांच्या तोंडून बाहेर पडायचा. परक्याने दिलेला उपदेश माणूस धोतर झटकावे तसा झटकून टाकतो. स्वतःच्या तोंडून शंभर जणांदेखत निघालेले उत्तर झटकणे इतके सोपे नसते.

शिक्षणाविषयीचे त्यांचे सांगणे बघा. ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्याचा आशय. ‘शिक्षण हे राष्ट्रोन्नतीचे साधन आहे’ हे वाक्यही खरेच आहे. पण ते ऐकताना कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ताट मात्र ज्याच्या त्याच्या घरात मांडणीवर उभे असते. सभेतून घरी गेलेला माणूस जेवायला बसला की त्याच्यापुढे ते येणारच, आणि त्याबरोबर बाबांचे बोलणेही.

लोकमान्य टिळकांनी १९१६ साली होमरूलच्या व्याख्यानांत हीच किमया साधली. विषय राज्यघटनेचा, म्हणजे रुक्ष. बादशहा निराळा आणि त्याच्या नावाने कारभार हाकणारी नोकरशाही निराळी, हा भेद बाजारपेठेतल्या माणसाला कसा सांगायचा? टिळकांनी देव आणि पुजारी यांचा दाखला घेतला. पुजारी बदला म्हटले म्हणजे देव नको असे होत नाही. आता, देवळातल्या पुजाऱ्याशी ज्याचा कधी ना कधी खटका उडालेला नाही असा माणूस आपल्या मुलखात सापडायचा नाही. त्याला पुढचे काही समजावून सांगावे लागले नसेल. याच व्याख्यानांवरून, म्हणजे बेळगावच्या एका आणि अहमदनगरच्या दोन भाषणांवरून, सरकारने टिळकांवर खटला भरला. खालच्या न्यायालयाने वीस हजारांचा मुचलका मागितला. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. इकडचे-तिकडचे वाक्य न उचलता भाषणाचा एकंदर परिणाम काय होतो ते पाहिले पाहिजे, अशी कोर्टाची भूमिका होती. कायद्याचे राहू द्या, पण श्रोत्याचा न्यायही असाच असतो. तो तुमची वाक्ये घरी नेत नाही, एकंदर ठसा नेतो.

कोणी म्हणेल, हे दाखल्यांचे आणि गोष्टींचे झाले. आमच्या विषयात आकडे आहेत, त्याला काय करू? त्याला मी गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे पाठवीन. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेकौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, ते आकड्यांनी भरलेले होते. ते आकडे जुळवताना सोलापूरकडे शिक्षकी पेशात आयुष्य काढलेले गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत त्यांना झाली होती. पण आकडे शेकडो असले तरी सांगणे एकच होते: सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसते म्हणजे रयत सुखी आहे असे नव्हे. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश गांजलेला असताना ही शिल्लक म्हणजे लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे. प्रत्येक आकडा त्या एका वाक्याच्या चाकरीला होता. आपल्या अहवालांतले आकडे असे कोणाच्या चाकरीला असतात का? ते बहुधा रिकामटेकडे असतात.

आकडा बोलका कसा करावा याचे एक घरगुती उदाहरण देतो. समजा, तुम्हांला एखाद्या अवर्षणग्रस्त गावात छपरावरचे पाणी साठवण्याबद्दल बोलायचे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छप्पर पन्नास चौरस मीटरांचे, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर, म्हणजे पंचवीस हजार लिटर. हे तुम्ही सांगितलेत तर लोक मान डोलावतील आणि विसरतील. पण पंधरा लिटरांचा हंडा धरा. ते सोळाशेहून जास्त हंडे होतात. थोडी गळती, थोडे वाया गेलेले सोडून दिले तरी वर्षभर रोज चार हंडे. आता बायकांच्या बाजूला पाहा. त्यांतली कोणीतरी मनातल्या मनात विहिरीच्या चार खेपा वजा करू लागलेली असेल. तिथे क्षणभर थांबा. तिचा हिशेब पुरा होऊ द्या. बोलणाऱ्याला गप्प बसणे जड जाते, पण अशा वेळी तेच करावे लागते.

कागदाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. रेडिओवर आम्ही कागद वाचतोच. समोर माणूस नसतो, घड्याळ असते, आणि दहा मिनिटांत हजार-बाराशे शब्दांहून अधिक मावत नाहीत. पण तो कागदही बोलल्यासारखा लिहावा लागतो, मोठ्याने वाचून पाहावा लागतो, आणि जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडावे लागते. सभेत मात्र माणसे समोर बसलेली असतात. त्यांच्याकडे टाळू करून कागदाकडे तोंड करणे हा त्यांचा अपमान आहे. चार शब्दांची टिपणे जवळ असावीत. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पाठ असावे, म्हणजे पाय लटपटत असले तरी सुरुवात होते आणि थांबताही येते. पाय लटपटतातच. त्याचे फार मनावर घेऊ नये. दोन-तीन मिनिटांत ओळखीचा एखादा चेहरा सापडला की ते आपोआप थांबतात.

अलीकडे भिंतीवरच्या पडद्यावर मजकूर दाखवून बोलण्याची चाल पडली आहे. साधन उत्तम आहे. नकाशा, आलेख, रोगट पानाचे चित्र हे सारे शब्दांनी सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे. पण वक्ता पडद्यावरचा परिच्छेदच्या परिच्छेद आपल्याला वाचून दाखवतो, त्याला काय म्हणावे? मनात वाचणारा माणूस मोठ्याने वाचणाऱ्याच्या नेहमीच पुढे असतो. लोकांचे वाचून झालेले असते आणि ते जांभया देत वक्त्याची वाट पाहत बसतात. ज्यांना वाचता येत नाही, ती माणसे तर त्या उजेडात एकटी पडतात.

आभार, सत्कार, नारळ, व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या नावाचा उच्चार यांत आपल्याकडे पहिली वीस मिनिटे जातात आणि लोकांचे ताजे लक्ष तिथेच खर्ची पडते. सत्कार हवे तर शेवटी ठेवा, असे संयोजकांना आदल्या दिवशी सांगून बघायला हरकत नाही. निम्म्या ठिकाणी ते ऐकत नाहीत. अशा वेळी आपले भाषण तेवढे कमी करावे. राहिलेला वेळ लोकांचा असतो, संयोजकांनी आपल्याला घातलेले ते कर्ज नव्हे.

आणि बोलणे संपले म्हणून लगेच गाडीकडे धाव घेऊ नका. ‘काही शंका आहेत का?’ असे व्यासपीठावरून विचारले तर पुढच्या रांगेतले दोन ठरलेले गृहस्थ उठतात आणि प्रश्नाऐवजी स्वतःचे भाषण करतात. खरे प्रश्न दाराशी येतात. चपला शोधता शोधता एखादी बाई हलक्या आवाजात विचारते, ‘पत्रा गंजलेला असला तर ते पाणी प्यायला चालतं का हो?’ तिला तिथे उभे राहून नीट उत्तर द्या. मग टिपणाच्या कागदावर तिचा प्रश्न लिहून घ्या, आणि पुढच्या गावी गेल्यावर कोणी विचारायच्या आधी तेवढा भाग सांगा.